लांब राहा, असं मी आता सांगत नाही

क्रिप्टोच्या वाटेला जाऊ नका, असं मी बरीच वर्षं सांगत आले. लालबाग-परळच्या चाळींत, गिरगावातल्या महिला मंडळात, दादरला ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर, जिथे कुणी बचतीबद्दल बोलायला बोलावलं तिथे हे एक वाक्य ठरलेलं असायचं. कामगारांच्या पतपेढीत उभी नोकरी झालेल्या बाईनं याहून वेगळं काय सांगायचं? आता ते वाक्य मी म्हणत नाही. आता मी घरच्या कॉम्प्युटरवर काढलेले आकडे फळ्यावर लिहिते, घरबसल्या नाणी खणायची म्हणजे नेमकं काय होतं ते समजावते आणि समोरच्यांकडूनच विजेचा हिशेब करून घेते. हा बदल माझ्या काही जुन्या सहकाऱ्यांना पसंत नाही. एकीनं तर तोंडावर सांगितलं, की तू लोकांना आगीजवळ नेते आहेस. तिचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. म्हणून मत का बदललं आणि कुठे बदललं नाही, दोन्ही लिहिते आहे.

आधीचं मत उगाच आलेलं नव्हतं. मी गिरणी कामगाराची मुलगी. पगाराच्या आठवड्यात घरात काय येतं आणि पंधरवड्यानंतर डब्यात काय उरतं, हे आकड्याच्या नादाला लागलेल्या शेजाऱ्यांच्या घरांत पाहत मी मोठी झाले. मुंबईचा आकडा मुळात कापसाचा. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेनं मुंबईत यायचे आणि त्यांवर पैसे लागायचे. दिवसभर सूत कातणारी माणसं त्याच कापसाच्या भावावर पगार लावत होती. १९६१ मध्ये ते भाव यायचे थांबले. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांचा वरळी मटका सुरू झाला, १९६४ मध्ये रतन खत्री यांचा. कापूस गेला, आकडा राहिला. ओपन आणि क्लोज हे शब्द आमच्या चाळीतल्या लहान मुलांनाही ठाऊक होते.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. पुढे कामगारांच्या हातात हिशेबाचे पैसे आले, आणि ते पैसे घ्यायला दारात माणसं आली. अमुक वर्षांत दामदुप्पट, सागवानाची झाडं, मासिक व्याज. पतपेढीतली ठेव मोडायला आलेल्या माणसाला काउंटरच्या अलीकडून समजावणं हा माझ्या कामाचा भागच झाला होता. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये ठेवीदारांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा केला तो या अनुभवांमधूनच. त्यामुळे २०१७ च्या अखेरीला एका बिटकॉइनचा भाव वीस हजार डॉलरच्या जवळ गेला आणि तरुण मुलं विचारायला लागली, तेव्हा माझं उत्तर तयार होतं. हा मटकाच आहे, फक्त कॉम्प्युटरवरचा. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना या व्यवहारांशी संबंध ठेवायला मनाई केली, तेव्हा माझं काम आणखी सोपं झालं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं, तरी माझं वाक्य बदललं नाही. कायद्यानं मना नाही म्हणजे शहाणपणाचं आहे असं थोडंच असतं.

मत हललं ते दादरला.

जानेवारी २०२५ च्या पहिल्या आठवड्यात दादरच्या टोरेस नावाच्या दालनासमोर शेकडो माणसं पैसे मागत उभी होती. मोइसनाइट नावाचे कृत्रिम खडे, सोनं, चांदी विकत घ्या, आणि वर आठवड्याच्या आठवड्याला परतावा घ्या, अशी ती योजना. खड्यांवर आठवड्याला सहा टक्के आणि त्याहूनही जास्त देऊ केले होते. शिवाजी पार्क पोलिसांत गुन्हा नोंदला गेला, १९९९ चा तोच कायदा लागला. भाजी विकणारे, छोटे दुकानदार, नोकरदार, सगळे त्या रांगेत होते. आठवड्याला सहा टक्के हे माणसाला कानाला गोड वाटतं, म्हणून मी ते फळ्यावर करून दाखवते. मिळालेला परतावा पुन्हा गुंतवत गेलं तर एका लाखाचे वर्षाअखेरीस वीस लाखांहून जास्त व्हायला हवेत. खडे विकून एवढी कमाई होणारं दुकान जगात नाही.

त्याच सुमारास माझ्या बैठकांना नेहमी येणाऱ्या एक बाई भेटल्या. त्यांचे पैसे दुसऱ्याच एका योजनेत अडकले होते. त्यांचं नाव इथे नको. मी काही विचारण्याआधी त्याच म्हणाल्या, "ताई, तुम्ही क्रिप्टोत घालू नका म्हणालात, मी एक रुपया घातला नाही. हे तर रीतसर दुकान होतं. पावती देत होते."

त्यांनी माझा सल्ला अक्षरशः पाळला होता.

या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला. मी इतकी वर्षं लोकांना वस्तूंची यादी देत होते. हे नको, ते नको. यादीत नसलेली वस्तू समोर आली की माझा ऐकणारा माणूस उघड्यावर. परतावा नेमका कशातून तयार होतो हे विचारायची सवय मी त्यांना लावलेली नव्हती, आणि नुसतं 'विचारा' म्हणून ती लागतही नाही. ती लागायला एकदा तरी पैसा कशातून तयार होतो आणि त्याला काय खर्च येतो, हे डोळ्यांसमोर घडताना बघावं लागतं.

माझा भाचा माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये शिकतो. तो आधीपासून म्हणत होता, "मावशी, तू न बघता नाही म्हणतेस. एकदा घरी चालवून बघू. पैसे घालायचेच नाहीत, फक्त चालवायचं." यावेळी मी हो म्हटलं.

आधी वॉलेट. भाच्यानं सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहून उतरवलं, फाइल तीच आहे याची खातरजमा करून घेतली, मग इंटरनेटची वायर काढून ते चालू केलं. पडद्यावर बारा इंग्रजी शब्द आले. साधे शब्द, २,०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून यंत्रानं निवडलेले. ते मी वहीच्या कागदावर क्रमानं लिहिले. मग त्यानं ते वॉलेट कॉम्प्युटरवरून पार पुसून टाकलं आणि मला म्हणाला, आता कागद बघून परत आण. बारा शब्द भरले आणि सगळं जसंच्या तसं परत आलं. ही कसरत मी आता प्रत्येकाला करायला लावते, कारण तिच्यातून एक गोष्ट हाताला कळते. नाणी कॉम्प्युटरमध्ये नसतात. ती सगळ्या जगात वाटलेल्या एका खातेवहीत असतात, आणि आपल्याजवळ असते ती फक्त त्या खात्यावर सही करण्याची किल्ली. हे बारा शब्द ज्याच्या हाती, खातं त्याचं. त्यामुळे फोनवरून, मेसेजवरून किंवा 'पडताळणीसाठी' म्हणून हे शब्द कुणी मागितले, तर तो चोरच असतो. यात अपवाद नाही.

पण पतपेढीच्या बाईला तिथेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. अर्ज नाही, फोटो नाही, जामीनदार नाही, हे एकवेळ ठीक. वारसाचं नाव लिहायची जागाच नाही. आमच्याकडे ठेवीच्या अर्जावर नामनिर्देशनाचा रकाना रिकामा राहिला तर मी अर्ज परत करायचे. नवरा गेल्यावर पासबुक घेऊन आलेल्या किती बायकांना त्या एका रकान्यानं तारलेलं मी बघितलं आहे. इथे कागद हरवला तर दाद मागायला काउंटर नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तीत हजारो बिटकॉइनची किल्ली होती, आणि ते खातं आजही सगळ्यांना दिसतं, फक्त उघडता येत नाही. या बाबतीत माझं मत तसूभर बदललेलं नाही. ज्या घरात एकालाच कॉम्प्युटर कळतो त्या घराची बचत अशा किल्लीमागे ठेवणं म्हणजे बाकीच्या माणसांना वाऱ्यावर सोडणं आहे.

दुसरी गोष्ट मात्र मला आतून पटली, आणि तीही प्रभादेवीमुळे. फेब्रुवारी २०२५ मध्ये, दादरच्या गोंधळाला दीड महिनाही झाला नसताना, न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेनं निर्बंध आणले. प्रभादेवी आणि गोरेगावच्या तिजोऱ्यांतली मिळून १२२ कोटी रुपयांची रोकड कमी भरली. ही मूळची कामगारांची बँक. जॉर्ज फर्नांडिस यांनी १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून सुरू केलेली. परवाना होता, लेखापरीक्षण होतं, संचालक मंडळ होतं. पुस्तकात रोकड होती, तिजोरीत नव्हती. मी आयुष्यभर रोज संध्याकाळी रोजकीर्द बंद करताना हातातली रोकड मोजून पुस्तकाशी जुळवलेली आहे. एका रुपयाचा फरक आला तरी आम्ही घरी जात नसू. ठेवीदाराला ती तिजोरी कधीच मोजता येत नाही, तो फक्त विश्वास ठेवतो. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो आणि पुढे ती बँक सारस्वत बँकेत विलीन झाली, हे ठीक. पण त्या फेब्रुवारीत रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रोकड जुळणी कुणी, केव्हा केली हे विचारायची सोय नव्हती.

भाच्यानं त्या दिवसांत बिटकॉइनची पूर्ण खातेवही उतरवून घ्यायला लावली होती. सहाशे जीबीहून जास्त माल तो, चालायला खूप वेळ लागला. पण ते सॉफ्टवेअर नुसतं उतरवून घेत नाही. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या पानापासून प्रत्येक व्यवहार तपासत येतं. देणाऱ्याकडे तेवढी शिल्लक होती का, सही जुळते का, ठरल्यापेक्षा एकही नाणं जास्त तयार झालं का. पहिल्या पानात बनवणाऱ्यानं त्या दिवशीच्या 'टाइम्स' या लंडनच्या वर्तमानपत्रातला मथळा घालून ठेवला आहे. बँकांना पुन्हा सरकारी पैशानं वाचवण्याची वेळ आल्याची ती बातमी. लालबागच्या एका खोलीत बसून, कुणाची परवानगी न घेता, मी एका चलनाची अथपासून इतिपर्यंत तेरीज जुळवून बघितली. ती जुळली. ज्यानं कधी ताळेबंद काढला आहे त्याला यातली थोरवी सांगावी लागणार नाही. या चलनाला भाव किती असावा हा वेगळा प्रश्न, पण हिशेब ठेवण्याची ही रीत गंभीर आहे, आणि तिला मटका म्हणून उडवून लावणं मला आता जमत नाही.

मटक्याशी असलेलं खरं साम्य खणण्यात आहे, आणि फरकही तिथेच. साधारण दर दहा मिनिटांनी व्यवहारांचं नवं पान तयार होतं. ते वहीला कुणी जोडायचं, हे ठरवण्यासाठी जगभरची यंत्रं एक अंक शोधत असतात. पानातला मजकूर आणि तो अंक मिळून एका ठराविक सूत्रातून काढले, की उत्तर एका मर्यादेहून लहान यायला हवं. त्याला युक्ती नाही. अंदाज करायचा, तपासायचा, पुन्हा अंदाज करायचा. ज्याला सापडतो त्याला नवी नाणी. २००९ मध्ये दर पानाला पन्नास होती, साधारण चार वर्षांनी निम्मी होत होत एप्रिल २०२४ पासून ३.१२५ वर आली आहेत, आणि एकूण २ कोटी १० लाखांच्या वर कधी जाणार नाहीत. म्हणजे सोडतच ही. पण मटक्यात आकडा काढणारा आणि पैसे घेणारा एकच होता, आणि आकडा आधी कुणी पाहिला का हे लावणाऱ्याला कधी कळत नव्हतं. इथे सापडलेला अंक बरोबर आहे की नाही हे कुणीही क्षणात तपासू शकतो. मात्र सोडतीचं तिकीट विजेचं आहे.

आता आकडे. आमचा कॉम्प्युटर सेकंदाला साधारण दोन कोटी अंदाज करतो. ऐकायला मोठं वाटतं. २०२५ मध्ये जगातली सगळी बिटकॉइन यंत्रं मिळून सेकंदाला एकावर एकवीस शून्यं इतके अंदाज करत होती. भागाकार केला, तर आमच्या यंत्राला एक पान मिळायला सरासरी पंचाण्णव कोटी वर्षं लागतील. हा भागाकार मी परळच्या एका रात्रशाळेच्या वर्गात मुलांकडून करून घेतला. शून्यं मोजताना सुरुवातीला सगळे हसत होते, उत्तर आलं तेव्हा वर्ग शांत झाला आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग ते खाणीचे ॲपवाले रोज पैसे कसे देतात?" इतकी वर्षं मी ज्या प्रश्नाची वाट पाहत होते तो हा प्रश्न.

२००९ मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर बिटकॉइन खणता येत होतं, हे खरं आहे. पुढे ग्राफिक्स कार्ड आली, मग २०१३ पासून फक्त याच कामाची यंत्रं आली आणि घरचा कॉम्प्युटर संपला. इथेरियम हे दुसरं मोठं चलन मात्र ग्राफिक्स कार्डावर चालत राहिलं. लॅमिंग्टन रोडवर त्या काळात कार्डांचे भाव कसे चढले होते, हे गेमिंगसाठी कार्ड शोधणाऱ्या प्रत्येक मुलाला आठवत असेल. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं खणणं बंदच केलं. पानं जोडण्याची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. मग तीच कार्डं वापरलेली म्हणून बाजारात विकायला आली. भाच्याचं कार्ड त्यांतलंच.

आज घरच्या साध्या प्रोसेसरवर काही मिळवायचं तर मोनेरोसारखं चलन उरतं. त्यानं २०१९ च्या अखेरीस मुद्दाम अशी पद्धत घेतली, की खास यंत्रांना फायदा मिळू नये. आम्ही ते चालवलं. पहिल्यांदा अँटीव्हायरसनं ओरडा केला, कारण नेमका हाच प्रोग्राम चोर लोक दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरमध्ये लपवून त्यांच्या विजेवर नाणी खणतात. एकट्याला पान मिळणं जवळजवळ अशक्य, म्हणून हजारो जण मिळून खणतात आणि कामाच्या प्रमाणात वाटून घेतात. अशा एका गटात आम्ही शिरलो. पंखा घोंगावायला लागला. मे महिना होता, खोली आधीच तापलेली, त्यात ती आणखी तापली. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, प्लगला लावायचा छोटा वीजमापक साधारण शंभर वॉट दाखवत होता. दिवसाचे २.४ युनिट, महिन्याचे ७२. बेस्टच्या बिलात सगळे आकार धरून युनिटला दहा रुपये धरले, तर दिवसाला चोवीस रुपये. आणि दिवसभर खणून आमच्या वाट्याला आलेलं नाणं होतं चार-साडेचार रुपयांचं. तेही लगेच हातात नाही, गटाची किमान रक्कम भरल्याशिवाय ते वॉलेटमध्ये येत नाही. त्यात आणखी एक भर. ७२ युनिट वाढले की ज्या घराचं बिल ३०० युनिटच्या जेमतेम आत बसतं ते पुढच्या टप्प्यात जातं आणि वरचे युनिट महाग होतात.

कराचाही हिशेब यात धरायला हवा. एप्रिल २०२२ पासून अशा मालमत्तेवरच्या नफ्याला सरसकट ३० टक्के कर आहे, जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का आधीच कापला जातो, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही. खणण्यासाठी केलेला यंत्रांचा आणि सोयींचा खर्च नाण्याची किंमत म्हणून धरता येणार नाही, हेही सरकारनं त्याच वर्षी लोकसभेत स्पष्ट केलं. म्हणजे चोवीस रुपये घालून मिळालेल्या चार रुपयांवरही कर.

हे चोवीस आणि चार एकदा स्वतः लिहिले, की पुण्याचं गेनबिटकॉइन प्रकरण वेगळंच दिसायला लागतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेऊन सांगितलं जायचं, की आमच्या खाणी आहेत, अठरा महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन परत देऊ. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य सूत्रधाराला अटक केली. ईडीच्या म्हणण्यानुसार गोळा केलेली रक्कम ६,६०० कोटींच्या घरात होती. मला त्यातला एकच मुद्दा लोकांपर्यंत पोचवायचा असतो. दर दोन हजार सोळा पानांनंतर, म्हणजे साधारण पंधरवड्याला, अंक शोधण्याची अवघडता नव्यानं ठरते. यंत्रं वाढली की ती वाढते. शिवाय बक्षीस निम्मं होतं, जुलै २०१६ मध्ये ते पंचविसावरून साडेबारावर आलं. तेव्हा तेच यंत्र तीच वीज खाऊन महिन्यागणिक कमी नाणी देतं. खाणीतून अठरा महिने ठरलेला, न घटणारा परतावा मिळूच शकत नाही. पुढे पैसे परत करायची वेळ आली तेव्हा बिटकॉइनऐवजी स्वतःच काढलेलं एक नाणं लोकांच्या हातात ठेवलं गेलं. ज्यानं घरी एक महिना खणून बघितलं आहे, त्याला पहिल्या भेटीतच दहा टक्क्यांचं गणित खटकलं असतं. पुण्यातले फसलेले लोक काही अडाणी नव्हते. त्यांच्यात इंजिनिअर होते, डॉक्टर होते. त्यांनी खाण कधी पाहिली नव्हती, एवढंच.

म्हणून मी आता 'लांब राहा' म्हणत नाही. पैसे न घालता जवळून बघा, म्हणते.

याचा अर्थ मी बाजू बदलली असा नाही, आणि भाच्याचं आणि माझं इथेच अडतं. त्याला वाटतं, थोडं तरी घेऊन ठेवावं. मी घेतलेलं नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या आपल्याकडच्या मोठ्या एक्स्चेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीला गेली. खातेवही तेव्हाही चोख होती. नाणी कुठल्या पत्त्यावर गेली हे सगळं जग बघत होतं, पण परत आणू शकणारं कुणी नव्हतं. हिशेब उघडा असणं आणि पैसा सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकांना दुसरी हवी असते.

विजेचा प्रश्नही मला सुटलेला वाटत नाही. याच परळ-लालबागच्या गिरण्यांसाठी टाटांनी १९१५ मध्ये खोपोलीहून पाण्यावर तयार केलेली वीज मुंबईत आणली. त्या विजेवर माग चालले, माझ्या वडिलांचं घर चाललं. जगभरची बिटकॉइन यंत्रं आज वर्षाला शंभर टेरावॅटतासांहून जास्त वीज अंदाज करण्यात घालवतात. त्यामुळे वही सुरक्षित राहते हे मला कळतं, पण इथेरियमनं खणणं सोडूनही वही चालवून दाखवली आहे. तेव्हा एवढी वीज लागतेच, हे मला मान्य नाही. भाचा म्हणतो, खणण्यावाचूनची सुरक्षितता तेवढी भक्कम नाही. आमचं यावर एकमत होईल असं दिसत नाही.

सहकारी मैत्रिणीचा आक्षेप राहिला. ती म्हणते, दहा जणांना तू यंत्र दाखवशील, त्यातले दोन घरी जाऊन ॲप उतरवतील आणि भाव चढतोय म्हणून पैसे घालतील. घडू शकतं, आणि म्हणून मी क्रम बदलू देत नाही. आधी रिकामं वॉलेट, ते पुसून परत आणायचं. मग बारा शब्दांचा कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला कुठे सापडेल हे ठरवायचं. बहुतेक जण इथेच थबकतात, कारण घरात असं बोलणं कधी झालेलंच नसतं. बऱ्याच जणी त्याच संध्याकाळी बँकेतल्या आणि पोस्टातल्या खात्यांवर वारसाचं नाव आहे का ते तपासतात, आणि कित्येकींच्या खात्यावर ते नसतं. मग विजेचा हिशेब. भावाबद्दल मी बोलत नाही.

गेल्या पावसाळ्यात भोईवाड्याचा एक मुलगा आला होता. त्याच्या कामावरच्या कुणीतरी त्याला व्हॉट्सॲपच्या एका गटात घातलं होतं. यंत्रं परदेशात, खणणारे ते, याला रोज दोन टक्के. पोस्टातले चाळीस हजार काढायचे त्यानं ठरवलं होतं. वर्गात हिशेब केल्यावर त्यानं त्या गटात तीनच गोष्टी विचारल्या. यंत्र कुठलं, ते किती वीज खातं, आणि तुमच्या खाणीची नाणी कुठल्या पत्त्यावर जमा होतात, म्हणजे मी खातेवहीत बघतो. उत्तराऐवजी त्याला गटातून काढलं गेलं. त्यानं मला फोन करून विचारलं, "मॅडम, मी काही चुकीचं विचारलं का?" मी त्याला सांगितलं, पोस्टातले पैसे तिथेच राहू दे आणि तो जुना मेसेज पोलिसांच्या सायबर विभागाला पाठव.

मैत्रिणीला हे सांगितलं. ती म्हणाली, हा एक तुझ्याकडे परत आला, जे आले नाहीत त्यांचं काय? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचा वर्ग आम्ही दोघी मिळून घेणार आहोत. ती तिचं 'नको' सांगेल, मी माझं यंत्र दाखवेन, आणि एका महिन्यानं आलेल्या प्रत्येकाला फोन करून कुणी काय केलं हे विचारायचं तिनं ठरवलं आहे.